आयदे

रस्ता ओलांडायला मी पाय उचलला आणि तेवढ्यात मागून कुण्या बाईने हाक मारली, "एडी! अरे एडी, चल ना!" उचललेला पाय तसाच राहिला. एक मोटार माझ्यावर भोंगा वाजवत निघून गेली. वळून पाहिलं तर लाल टोपी घातलेलं एक पोर फूटपाथवर फतकल मारून बसलेलं आणि त्याची आई त्याचा दंड धरून ओढते आहे. एवढंच. या शहरात एडी नावाची पोरं पैशाला पासरी मिळतील. पण "एडी" आणि "चल" हे दोन शब्द मी असे शेजारीशेजारी कधी ऐकले नव्हते. त्या बाईला काय ठाऊक, की आमच्या घरच्या भाषेत तिने एकच शब्द दोनदा म्हटला होता. आयदे, आयदे. म्हणजे चल, निघ, होऊन जाऊ दे. मला हसू फुटलं, आणि मी भर रस्त्यात एकटीच खिदळत उभी राहिले. पन्नाशीला टेकलेली बाई. लोकांनी वळून पाहिलं असेल, पण आज कुणी कुणाला वेडं म्हणायचं नसतं. आज बेसबॉलच्या मोसमातला पहिला सामना. सिनसिनाटीत हा दिवस म्हणजे सण. शाळा नावाला चालू आणि वर्ग ओस, कचेऱ्यांतल्या निम्म्या लोकांची आजी नेमकी आजच मरते, आणि बाजारापासून निघालेली मिरवणूक ढोल-तुताऱ्या वाजवत आमच्या दुकानाच्या दारावरून जाते. दुकानावर पाटी आहे, 'एडीज चिली'. आजोबांच्या वेळची. आज दुपारच्या आत एक तर ते दार उघडणार होतं, नाहीतर ती पाटी उतरणार होती.

मी पियानो जुळवते. दुकानाशी माझा संबंध लहानपणी शाळा सुटल्यावर काउंटरच्या टोकाला बसून अभ्यास करण्यापुरता, आणि नंतर आयुष्यभर आठवड्यातून दोनदा तिथे जेवण्यापुरता. लोकांच्या दिवाणखान्यात शिरायचं, झाकण उघडायचं आणि दोन तारांमधली ती बारीक थरथर ऐकत बसायचं. किल्ली फिरवत जायची, थरथर मंद होत जाते, आणि एका क्षणी ती थांबते. त्या क्षणासाठी मी हा धंदा करते. दुसरं काही मला येत नाही, असं मी परवापर्यंत सगळ्यांना सांगत होते. मग फेब्रुवारीत बाबा दुकानात कोसळले, हातात पळी तशीच. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. इंग्रजी गेलं, आणि ज्याला आम्ही नुसतं 'आपलं' म्हणतो ते आजोबांच्या, समुद्रापलीकडच्या कोस्तुर गावाकडचं बोलणंही गेलं. उरला एकच शब्द. प्लीज. डॉक्टर बाहेरगावचा, तरुण, मनाचा चांगला. त्याला वाटलं म्हातारा काकुळतीला येऊन काहीतरी मागतो आहे. बाबांनी "प्लीज?" म्हटलं की तो पाणी पुढे करायचा, उशी सारखी करायचा, खिडकी उघडायचा. आमची रिस्ताना आत्या एकदा त्याच्यावर खेकसली, "अहो, तो काही मागत नाहीये. त्याला ऐकू आलं नाही, परत बोला!" या गावात प्लीजचा अर्थच तो. पूर्वी इथे येऊन वसलेल्या जर्मन म्हाताऱ्यांनी लावून दिलेली सवय. नीट ऐकू आलं नाही की जगभरातले लोक "काय?" म्हणतात, आम्ही "प्लीज?" म्हणतो. आजोबा बोटीतून उतरून इथे आले तेव्हा पहिला इंग्रजी शब्द तोच शिकले, आणि अर्थ विचारायचा झाला तरी प्लीजच म्हणत राहिले. बाबांच्या डोक्यातला सगळा संसार वाहून गेला आणि तळाशी हा एवढाच शब्द चिकटून राहिला, हे मला पहिल्यांदा फार क्रूर वाटलं होतं.

दुसरा शब्द त्यांनी उच्चारला नाही. ज्याची आम्ही वाट पाहत होतो तो. आजोबा नाऊम यांनी नाटकगृहाच्या भिंतीला लागून एक चिंचोळी जागा घेतली होती. गावाकडे रविवारी आई करायची तो मटणाचा रस्सा, दालचिनी-लवंगेचा, त्यांना येत होता, आणि तो कुणाला विकायचा हे येत नव्हतं. त्याचं नाव सांगितलं की गिऱ्हाईक पळायचं. मग मटणाच्या जागी गोमांसाचा खिमा आला, आणि त्यांनी ऐकलं की इथल्या लोकांना चिली नावाची काही वस्तू आवडते. झालं, तेच नाव ठेवलं. आत्या अजून म्हणते, "नाव मिरचीचं, चव दालचिनीची, आणि खाली लोळतात इटलीच्या शेवया. आपल्या घराण्याचं सगळंच असं." शेवयांवर रस्सा, रश्शावर किसलेल्या पिवळ्या चीजचा डोंगर. हवं असेल तर कांदा, हवं असेल तर घेवडा. लांबट ताटली भरली की आजोबा ती काउंटरवरून ढकलायचे आणि ओरडायचे, "आयदे!" ताटली निघाली, आयदे. गिऱ्हाईक उठलं, आयदे. सकाळी दार उघडायचं, आयदे. नाटक सुटल्यावर येणाऱ्या लोकांना वाटलं, हा बाबा सारखा आपलं नाव सांगतो आहे. ते आत येताना ओरडायला लागले, "काय एडी!" पाटी रंगवणाऱ्यानेही तेच ऐकलं आणि तेच रंगवलं. आजोबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले म्हणे, "लोक हाक मारतात ना? मग माझंच नाव." पुढे आजोबा गेले आणि बाबा एडी झाले. बाबांचं नाव पांदो. हे चर्चमधले लोक सोडले तर अर्ध्या शहराला माहीत नसेल.

आणि आता एडी कोण, हा प्रश्न आत्याने मागच्या आठवड्यात विचारला. ती गल्ल्यावर बसते, ऐंशीला आली आहे, आणि तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. मी म्हटलं, मी रांधते. आत्या म्हणाली, "तू? तुला अंडं उकडता येत नाही, सेव्दे."

"रस्सा येईल."

"पांदोने शिकवला?"

"नाही."

"कुठे लिहून ठेवलाय?"

"कुठेच नाही."

"मग काय स्वप्नात येऊन सांगितलं कुणी?" ती म्हणाली. पण तिचे डोळे हलले. आपल्या भावाचं दुकान बंद बघून ती मनातून किती खचली होती ते मला त्या क्षणी कळलं. "हे बघ, पहिल्या सामन्याला दार उघडलं नाही तर लोक समजतील आपण मेलो. आणि उघडून पाणचट काहीतरी वाढलं तर आपण मेलो याची खात्री पटेल. तू रांध. पांदोला तिथे बसवू. त्याने चाखून आयदे म्हटलं तर दार उघडायचं. नाही म्हटलं तर पाटी उतरवायची आणि त्याच्या खोलीत नेऊन ठेवायची. नाव विटाळायचं नाही."

"आत्या, ते बोलतच नाहीत."

"मग असा कर की बोलेल."

म्हणून काल मी रांधलं. आणि काय सांगू, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. कच्चा खिमा गार पाण्यात घातला. आधी परतायचा नाही, तिथेच सगळे चुकतात. या शहरातल्या कितीतरी गृहिणी तेलात खमंग परततात आणि मग विचारतात, तुमच्यासारखा का होत नाही? कोपरापर्यंत हात बुडवून पाण्यातच तो कुस्करायचा, गुठळी म्हणून राहता कामा नये. पाणी लाल, मग गढूळ, हात गारठून बधिर. बाबांच्या हातांना हिवाळ्यात भेगा का पडायच्या ते कळलं. मसाल्यांपाशी आले आणि थांबले. फळीवर पत्र्याचे डबे ओळीने उभे, एकावरही नाव नाही. बाबांनी कधी चमचा वापरला नाही. डबा भांड्यावर आडवा धरायचा आणि तळव्याने त्याच्या बुडावर थापा मारायच्या. मी डोळे मिटले. आणि मला ऐकू आलं. शाळेतून आल्यावर गणितं सोडवत मी ज्या टोकाला बसायचे तिथून रोज ऐकलेलं. दालचिनीचा डबा मोठा, त्याचा आवाज घुमायचा, थाप सावकाश. लवंगेचा लहान, कोरडा, एकदा आणि पुन्हा अर्धवट, जणू विचार बदलला. ऑलस्पाइस या मिरीसारख्या मसाल्याची थाप मागच्या थापेवर घाईने चढलेली. मग थोडी शांतता, तेव्हा ते चव घ्यायचे. मग परत दालचिनी. मी डबे एकेक करून वाजवून बघितले, ज्याचा त्याचा आवाज ओळखला आणि ते गाणं पहिल्यापासून वाजवत गेले. लोक शपथेवर सांगतात की आमच्या रश्शात चॉकलेट असतं. असेल, नसेल. मला तो डबा सापडला की नाही ते मी सांगणार नाही. भांडं दिवसभर मंद रटरटत राहिलं, काचांवर वाफ धरली. एकदा चव घेतली तेव्हा जिभेवर ती बारीक थरथर होती, काहीतरी जुळत नव्हतं. व्हिनेगर. थोडं. अजून थोडं. आणि थरथर थांबली. मी पळी हातात घेऊन भटारखान्यात एकटीच नाचले.

पण ते काल. आज सकाळी सगळी खात्री पातळ झाली होती. रात्रभर गारठ्यात ठेवलेल्या भांड्यावर चरबीची पिवळी साय धरते, ती काढून परत तापवायचं, तेव्हाच खरी चव कळते. ते करायला मी चालत दुकानाकडे निघाले होते आणि वाटेत ती बाई, ते पोर, ती हाक. हसता हसता माझ्या डोक्यात एक जुनी सकाळ उघडली. मी सात वर्षांची असेन. बाबांनी पहिल्यांदा एकट्याने भांडं लावलं होतं. आजोबा काउंटरच्या या बाजूला, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर टोपी मांडीवर घेऊन बसलेले, तसे ते कधीच बसत नसत. मी खाऱ्या बिस्किटांच्या डब्यावर, बाकी कुणी अजून आलेलं नव्हतं. आजोबांनी चाखलं. आजोबा काहीतरी पुटपुटले. आणि मग आयदे! दार उघडलं, थंड हवा आत आली, लोक आत आले. ती आरोळी अजून माझ्या कानात आहे. उंच, चिरकी, मधेच फाटलेली. मुलाने बापाचं नाव राखलं म्हणून आनंदाने आजोबांचा आवाज फाटला असावा, असंच मी आजवर समजत आले. तो फाटलेला आवाज माझ्या बाबांना मिळाला होता. मला मिळेल का? ज्या माणसाला "भूक" म्हणता येत नाही त्याने माझ्यासाठी नेमका तोच शब्द म्हणावा, ही कसली अट मी मान्य करून बसले होते! आणि तरीही पाय झपाझप चालत होते. मनातून मी घाबरलेली नव्हतेच. लहानपणी पायऱ्यांच्या कठड्यावरून घसरण्याआधी व्हायचं तसं होत होतं.

दुकानात डेल्बर्ट चीज किसत होता. डेल्बर्ट नदीपलीकडच्या केंटकीचा. आजोबांच्या वेळी ताटल्या धुवायला लागला, तेव्हापासून तो आमच्याकडेच. डाव्या हाताच्या कोपरापर्यंत ताटल्यांची उतरंड चढवून तो अख्खं दुकान पार करतो. "पोरी, बाहेर बघितलंस का?" तो म्हणाला. काचेबाहेर लाल टोप्या, लाल स्वेटर, लाल रंगवलेली गालफडं. वेसलिंग नावाचा दारूभट्टीतला निवृत्त म्हातारा सगळ्यात पुढे, नाक काचेला लावून. वास बाहेर गेला होता. बंद दुकानातून वास यायला लागला ही बातमी या गावात पावापेक्षा लवकर फुगते. लांबून ढोल ऐकू येत होते, मिरवणूक निघाली होती. आत्याने बाबांना आणलं. लाल टोपी त्यांच्या डोक्यावर तिरकी बसवलेली, दाढी गुळगुळीत, अंगात शर्टावर पांढरा धुवट ॲप्रन. ॲप्रन त्यांनी हट्टाने घातला होता, आत्या म्हणाली, एका हाताने ओढून काढला कपाटातून. त्यांची चाकाची खुर्ची तिने काउंटरच्या या बाजूला लावली, गिऱ्हाइकाच्या बाजूला. तिथे ते किती लहान दिसत होते.

मी ताटली भरली. शेवया, रस्सा, चीज. चीजचा डोंगर एका अंगाला कलला. डेल्बर्टने तो बोटाने सावरला. बाबांनी डाव्या हाताने काटा धरला. कडेचा तुकडा काट्यानेच कापला, सरळ खाली, आमच्याकडे खातात तसा. शेवया काट्याला गुंडाळणारा माणूस इथे लगेच परका ठरतो. हात नवा होता, सवय जुनी होती. घास तोंडात गेला. त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या जबड्याची एकच बाजू हलत होती आणि मी ती बाजू बघत होते. ढोल कोपऱ्यापर्यंत आले. दुसरा घास. तिसरा. आत्या गल्ल्यावर मूठ आवळून उभी. मग बाबांनी काटा ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "प्लीज?"

आत्याने डोळ्यांना रुमाल लावला. "त्याला कळलंच नाही गं. बिचाऱ्याला आपण काय विचारतोय तेच कळलं नाही."

"मी शिडी आणतो," डेल्बर्ट कुणाकडेच न बघता म्हणाला आणि ॲप्रनची गाठ सोडायला लागला.

"प्लीज?" बाबा पुन्हा म्हणाले. या वेळी मोठ्याने. आणि डावा हात त्यांनी कानामागे पसरून धरला.

मी तो हात बघितला. तो हात मी आधी पाहिला होता. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर, टोपी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाचा कानामागचा हात. आजोबा पुटपुटले होते ते हेच! प्लीज? आणि मग ती आरोळी. उंच, चिरकी, मधेच फाटलेली. आजोबांचा आवाज! अगं बाई, आजोबांचा आवाज कुठे उंच होता? चर्चमध्ये ते गायला लागले की बाकांची लाकडं घुमायची, इतका खर्जातला. मी, जी दुसऱ्या मजल्यावरून ओळखते की खालच्या पियानोची कुठली तार उतरली आहे, मी एवढी वर्षं एक आरोळी चुकीच्या गळ्यात घालून बसले होते. तो आवाज बाबांचा होता. तरुण, घाबरलेल्या, आनंदाने वेड्या झालेल्या बाबांचा. चाखणारा तो शब्द म्हणतच नाही. तो कधीच म्हणत नव्हता. तो फक्त कानामागे हात धरतो आणि म्हणतो, ऐकू आलं नाही, परत बोल. ज्याने रांधलं, त्याने ओरडायचं असतं. बाबांच्या डाव्या डोळ्यात, ज्या डोळ्याला अजून हसता येत होतं, हसू मावत नव्हतं. ते किती वेळ वाट बघत होते! सगळं जग त्यांच्या तोंडाकडे बघत बसलं होतं आणि ते माझ्या.

"प्लीज?" ते तिसऱ्यांदा म्हणाले, आणि काट्याने काउंटरवर ठोकलं.

"आयदे!" मी ओरडले. आवाज वर गेला, चिरकला, मधेच फाटला. "आयदे! आयदे!"

डेल्बर्टने दार उघडलं की ते आपोआप उघडलं मला माहीत नाही. ढोल, तुताऱ्या, एप्रिलची गार हवा आणि लाल टोप्या एकदम आत घुसल्या. "एडी! एडी! एडी!" बाहेरची सगळी गर्दी ओरडायला लागली, जशी ती तीन पिढ्या ओरडत आली होती. आत्या रडत होती आणि रडता रडता पुढच्या माणसाला दरडावत होती की रांगेत उभा राहा, तुझ्या बापाचं लग्न नाही. डेल्बर्टच्या हातावर ताटल्या चढत होत्या. मी वाढत होते. तीन थरी, पाच थरी, कांद्याशिवाय, रस्सा जास्त, आयदे, आयदे. बाबांची खुर्ची कुणीतरी भिंतीशी सरकवली आणि ते तिथे बसून आपली ताटली संपवत होते. त्या गोंधळात त्यांच्याइतकं सावकाश कुणीच जेवत नव्हतं.

वेसलिंगने स्टूल पकडलं, टोपी काढली, पहिला घास घेतला, लगेच दुसरा घेतला. मग मान वर करून भटारखान्याकडे, फळीवरच्या डब्यांकडे, माझ्या मागे, सगळीकडे बघितलं. म्हातारा कानाने कमी ऐकतो.

"एडी कुठाय?" त्याने विचारलं. "त्याला सांगायचंय मला."

बाबांनी भिंतीजवळून काटा उचलला आणि माझ्याकडे रोखला.

"मी," मी म्हटलं.

बाहेर तुतारी वाजली. वेसलिंगने कानामागे हात धरला.

"प्लीज?"

"मी!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. "एडी मी आहे!"